मागून येणारं पाणी

अमरावती,
९ ऑक्टोबर १९६१

सौ. रुख्मिणीबाई यांस,

अक्षर ओळखू आलं असेल. फाडायच्या आधी एवढं वाचा, की मी काही मागायला लिहीत नाही. तुमच्या लग्नाच्या मांडवातून मी न जेवता, न सांगता उठून आले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर अकोल्याहून तुमचं पत्र नाही आणि अमरावतीहून माझं नाही. फिटंफाट झाली. तरी आज लिहायला बसले, कारण आज मला एका बाईनं असा प्रश्न विचारला, की त्याचं खरं उत्तर कुणाला तरी दिल्याशिवाय मला घास जायचा नाही.

बाई मुंबईहून आल्या होत्या. नर्सा आपल्या कामात समाधानी आहेत की नाहीत, याची पाहणी करत गावोगाव हिंडतात म्हणे. आम्हाला सगळ्यांना जेवणघरात बसवलं आणि एकेकीला विचारलं, सुट्टी मिळते का, वरिष्ठ कसे वागतात, रोगी मान देतात का, आणि शेवटी, एकूण समाधान आहे का. मेट्रनबाई दाराशी उभ्या राहून हसत होत्या. तुला त्यांचं ते हसणं आठवत असेल, वरण पातळ झालं असं कुणी म्हटलं की हसायच्या, तेच. आशाबाई म्हणाली, हो. तिच्या पलीकडची म्हणाली, हो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, हो, फार. यातलं 'फार' माझ्या पदरचं. बाई खूश झाल्या आणि पुढचीकडे वळल्या.

(बघ, 'तुला' लिहून बसले. राहू दे. तुझ्याशी अहो-जाहो मला कधी जमलंच नाही.)

आता खरं ऐक. काम मला आवडतं, त्यात खोटं काही नाही. तू गेल्यावर मेट्रनबाईंनी मला वॉर्डातून काढून ऑपरेशनच्या खोलीत घातलं. मोठे डॉक्टर नुसता हात पुढे करतात आणि शब्द तोंडातून निघायच्या आत हवा तो चिमटा त्यांच्या तळव्यात असतो. तुला आठवतं, आपण शिकताना मी काच फोडली नाही असा आठवडा जात नव्हता? तीच मी. त्या खोलीत कुणी मला गाव विचारत नाही, घर विचारत नाही. टेबलावरचा माणूस तर झोपलेलाच असतो. मला तिथं बरं वाटतं.

पण आईचं काय करू? बाबा गेल्यापासून ती गावात एकटी आहे. डोळे काचबिंदूनं गेले, ते परत यायचे नाहीत. परवा चुलीतलं लाकूड समजून विस्तवाला हात घातला. इथं आणावं तर आमच्या वसतिगृहात नातेवाइकाला रविवारी निंबाखालच्या बाकड्यापलीकडे येऊ देत नाहीत, आणि बिनलग्नाच्या नर्सेला बाहेर खोली घ्यायची मनाई. तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात एक जागा रिकामी आहे. तिथून आमचं गाव सायकलीच्या वाटेवर. मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "जयवंताबाई गेल्या तर माझा उजवा हात गेला!" सगळे कौतुकानं हसले, मीही हसले, आणि अर्ज तिथंच राहिला. काम बिघडवणाऱ्या पोरी वर्षाच्या आत बदलून जातात. मी काम चांगलं करते म्हणून अडकले आहे, आणि वाईट करायला हात वळत नाही.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. तुझ्या खाटेवर आता आशाबाई झोपते आणि झोपेत दात खाते. तू निदान घोरायचीस, त्यात ताल तरी होता.

जयवंता


२ नोव्हेंबर १९६१

रुख्मे,

तुझं कार्ड मिळालं. सासूबाईंच्या नजरेखाली लिहिलं असशील, कारण 'सर्व क्षेम' दोनदा आहे. खाली बारीक अक्षरात मात्र तूच आहेस: 'तू ताटावरून उठलीस ते अजून मले टोचून राहिलं. माझं काय चुकलं ते तरी सांग.'

तुला खरंच कळलं नाही? मग सांगते, आणि रागानं सांगत नाही. राग कधीच निवला. पण हे सांगायचं तर लग्नापासून नाही, आपल्या शिकण्याच्या तिसऱ्या वर्षापासून सुरू करावं लागेल.

बायकांच्या वॉर्डात ती चांदूर बाजाराकडची म्हातारी होती, मोठ्या वावरवाल्याची आई. मी तिला गोळी दिली आणि पेल्यात पाणी ओतलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू कोनाची वं?" मी गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. मोतीराम कोण, वस्ती कुठली, हे तिला बरोबर कळलं. पेला तिनं हातानं लोटला नाही, फक्त तोंड फिरवलं आणि गोळी जिभेवर तशीच धरून बसली. शेजारच्या खाटा बघायला लागल्या. तेवढ्यात तू आलीस, माझ्या हातातला तांब्या घेतलास आणि म्हणालीस, "जया, तू गोळी दे, पानी मी देतो." म्हातारी तुझ्या हातचं गटागटा प्यायली. त्या संध्याकाळी मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. केवढी मोठी मनाची मैत्रीण मिळाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू तांब्या घेऊन माझ्या मागून निघालीस. तिसऱ्या दिवशीही. कुणी ठरवलं नाही, कुणी हुकूम काढला नाही. औषध मी द्यायचं, पुढच्या खाटेकडे सरकायचं, आणि मागून पाणी यायचं. तू लग्नासाठी नोकरी सोडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाचा ट्रे उचलला, आणि बघते तर मैनाबाई आया तांब्या घेऊन माझ्या मागं उभी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वॉर्डात तशीच रीत आहे असं तिनं धरलं.

मग तुझं लग्न आलं. आपल्या सगळ्या नर्सा मांडवात पंगतीला बसल्या. तू मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलंस. पाट होता, ताटाभोवती रांगोळी होती, उदबत्ती लावली होती. हळदीच्या हातानं तू स्वतः वाढलंस आणि म्हणालीस, "अथी निवांत जेव, बाहेर लय गर्दी हाये." तुझ्या डोळ्यांत माया होती, मला दिसत होती. बाहेर आशाबाई खिदळत होती. मी त्या रांगोळीत एकटी बसले आणि मला वाटलं, हाही तो तांब्याच आहे.

आम्ही छप्पन साली बौद्ध झालो तेव्हा बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती. म्हणाले, "पोरी, आता आपून मागच्या दारानं कोनाच्या घरी जायचं नाई, मंग आत पेढे का वाटत असेनात." मी उठले ते त्यांच्यासाठी. शिवी दिली असतीस तर भांडले असते तुझ्याशी. मायेशी कसं भांडायचं, ते मला येत नाही.

आता तुला कळलं. पुढं लिहायचं की नाही ते तू ठरव. या पत्राच्या डोक्यावर मी मुद्दाम काही लिहिलं नाही. माझ्या मनात तिथं जयभीम आहे, पण तुझ्या घरात त्यावरून बोलणी बसायला नकोत.

जया


२१ नोव्हेंबर १९६१

रुख्मे,

मोठं संकट आलं आहे. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

केशरबाई नावाची बाई आली होती, आतड्याला पीळ पडलेला. चार पोरांची आई, तुझ्यामाझ्या वयाची. ऑपरेशन छान झालं, टेबलाशी मीच होते. आतडं शिवलेलं असलं की तोंडानं पाण्याचा थेंब नाही, हे तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी आशाबाई आजारी पडली म्हणून मला वॉर्डात पाठवलं. इतक्या दिवसांनी वॉर्डात गेले. केशरबाईच्या नवऱ्याला मी सांगितलं, पाणी द्यायचं नाही. तिला सांगितलं. तिच्या बहिणीला सांगितलं. केशरबाईला सुई दिली आणि पुढच्या खाटेकडे सरकले.

मैनाबाई तेव्हा नळावर होती. भरला तांब्या घेऊन आली, मी केशरबाईच्या खाटेवरून पुढं सरकताना दिसले, आणि ती माझ्या मागून आली. पूर्वी रोज यायची तशीच. केशरबाईचे ओठ तडकलेले. पेला पुढं आला, ती पूर्ण प्यायली. आणखी मागितलं, मैनाबाईनं आणखी दिलं. नवरा बघत होता. त्याला वाटलं, नर्सेनं नाही म्हटलं पण पाण्याची बाई वेगळी आहे, तिचा हुकूम वेगळा असेल. मी मागं वळून पाहिलं नाही. रुख्मे, मी कधीच वळून बघत नाही. तोंड फिरवलेलं दिसू नये म्हणून मी पुढच्या खाटेकडे बघायची सवय केली होती.

संध्याकाळपर्यंत पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, टाका तुटला. पुन्हा उघडावी लागली. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा मी चिमटा दिला खरा, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. केशरबाई वाचते की नाही ते अजून सांगता येत नाही. तिची लहान पोरगी व्हरांड्यात फरशीवर बसून असते. चौकशी लागली आहे. ड्यूटीवर मी होते, म्हणून पहिलं नाव माझं.

मैनाबाई रडत आली. म्हणाली, "बाई, मी तं पयल्यावानीच तुमच्या मागं आली. तुमी पुढं गेल्या, मी पानी देल्लं. माझं काय चुकलं हो?" तूही कार्डात हेच विचारलं होतंस.

जया


३० नोव्हेंबर १९६१

रुख्मे,

केशरबाई वाचली. अजून उठत नाही, पण काल पोरीला हाक मारली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला राहायचा नाही.

मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. म्हणाल्या, "जयवंता, तेल्हाऱ्याचा तुझा अर्ज माझ्या टेबलावर आहे. मोठ्या डॉक्टरांना मी समजावते. तू एवढंच लिहून दे, की मैनाबाईला तू बजावलं होतंस आणि तिनं ऐकलं नाही. तिला काढून टाकू, प्रकरण मिटेल. संक्रांतीला तू आईजवळ असशील."

मी म्हटलं, "पण मी तिला बजावलं नव्हतं. ती तिथं नव्हती. आणि पाणी मी देत नाही, ती देते, हे सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. रुख्मिणी होती तेव्हापासून."

त्यांचं हसू गेलं. "असलं काही या दवाखान्यात नाही," त्या म्हणाल्या. "कायद्यानं गुन्हा आहे तो. तुला कुणी पाणी देऊ नको म्हटलं होतं? मी म्हटलं होतं? नाव सांग." आता नाव कुणाचं सांगू? त्या म्हातारीनं 'हिच्या हातचं नको' असा शब्द काढला नव्हता. मैनाबाई आपणहून आली. आणि पहिला तांब्या घेतलास तू, तोही मायेनं.

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मूर्ख पोरी, तुला वॉर्डात त्रास नको म्हणूनच मी तुला ऑपरेशनला घातलं ना? तिथं रोगी झोपलेले असतात. तुझ्या भल्यासाठीच केलं होतं मी."

रुख्मे, मी आजवर समजत होते की माझा हात चांगला म्हणून मला तिथं नेलं. हात चांगला आहेच, तो मी नंतर केला. पण नेलं ते झोपलेल्या माणसाला कुणाचा हात आहे ते कळत नाही म्हणून. मी खोलीवर आले आणि साडी न बदलता खाटेवर बसून राहिले. आशाबाईनं चहा आणून दिला तर तिच्यावर खेकसले. तिचा बिचारीचा काय दोष?

तुझ्यापासून लपवत नाही, मोह झाला. मैनाबाई माझी कोण? तीन वर्षांत तिनं माझ्या कपातला चहा घेतला नाही. आपला पितळी पेला पदराखाली घेऊन येते. तिच्या एका नोकरीपायी आई किती दिवस विस्तवाला हात घालणार? मी कागद घेतला. 'मैनाबाईला मी बजावले होते' एवढं लिहिलंही. मग डोळ्यांसमोर ती नळावरून येताना दिसली, पदर खोचलेला, तांब्याला पालथा पेला घातलेला, आणि मागून येण्याची तिची ती घाई. कागद फाडला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की काही मागायला लिहीत नाही. आता मागते. या दवाखान्यात ही रीत होती, हे लिहून देणारं कुणी नाही. आशाबाई म्हणते, "माह्या लग्नाचं चालू हाये, मले यात नको ओढू." तू नोकरीत नाहीस, तुझं कुणी काही करू शकत नाही. एवढंच लिही: पाणी नर्सेच्या मागून दुसरीच बाई देते, ते मी सुरू केलं, आणि का केलं. मग ना मैनाबाई खोटी ठरेल ना मी. तुझ्या यजमानांना, जानरावांना, हे आवडायचं नाही, मला कळतं. घरची अब्रू, ते शाळेत मास्तर, लोक काय म्हणतील. तरी मागते.

जया


२२ डिसेंबर १९६१

रुख्मे,

उत्तर नाही. टपालवाला सायकलवरून येतो तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघते, आणि तो गेला की फाटकाशी जाते.

चौकशीत मी आहे ते सांगितलं. तिघेजण होते. मधले साहेब म्हणाले, "म्हणजे रोग्याला पाणी देणं तुमचं काम असताना तुम्ही ते वर्षानुवर्षं केलं नाही, असं तुम्हीच म्हणता?" बघ कसं फिरवलं! मी म्हटलं, "होय साहेब, ते माझंच काम होतं. मला ते करू दिलं नाही." "कुणी?" मी म्हटलं, "रीतच तशी होती, साहेब." ते म्हणाले, पुरावा असेल तर महिनाअखेर आणा.

मेट्रनबाई अजूनही रोज विचारतात, "काय ठरलं?" जणू लुगड्याचा रंग पसंत करायचा आहे. मैनाबाई मला दिसली की भिंतीला चिकटून उभी राहते. गावाकडून शेजारच्या श्रावणदादांनी निरोप पाठवला, आई म्हणते माझी काळजी करू नको, मले आता हातानंच दिसते. हातानं दिसतं म्हणजे काय, ते मी त्यांना विचारलं नाही.

झोपायला जाते तेव्हा फाटकाला कुलूप लागल्याचा आवाज येतो. पूर्वी तो कधी ऐकू आला नव्हता. त्या मुंबईच्या बाई आता परत आल्या तर मी काय उत्तर देईन, ते मला ठाऊक नाही. कदाचित पुन्हा 'हो'च म्हणेन, कारण मेट्रनबाई दाराशी असतीलच.

तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. पण तसं कळव तरी. तुझ्या गप्प बसण्याकडे मागं वळून बघायचं, की पुढच्या खाटेकडे जायचं, ते मला ठरवता येईल.

जया


२५ जानेवारी १९६२

रुख्मे, माझे बाई,

जयभीम. या खेपेला वर लिहिलं नाही तरी आत लिहिलं आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तुझा कागद चौकशीपुढे आला तेव्हा मी समोर होते. मधल्या साहेबांनी मोठ्यानं वाचला. 'पहिला तांब्या मी घेतला. जयवंताचा अपमान होऊ नये म्हणून घेतला, पण त्यानं तो रोजचा झाला. मैनाबाई ही माझी जागा चालवत होती. तिचा दोष नाही, जयवंताचा नाही. असेल तर माझा आहे.' खाली माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव, ठसठशीत. वर तुझी ती ओळ: 'हे मी यजमानांना वाचून दाखवून मग पाठवत आहे.' वाचून दाखवताना काय झालं असेल, ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. तीन दिवस तुझ्याशी कुणी बोललं नाही, एवढं अकोल्याहून आलेल्या एका पेशंटच्या बहिणीकडून कळलं. कागद वाचला जात होता तेव्हा मेट्रनबाईंच्या मागं उभी राहून मी पदरात तोंड घालून रडले.

आता निकाल ऐक, आणि ऐकताना हस, कारण मी दोन दिवस रडून आता हसायला लागले आहे. मैनाबाईची नोकरी राहिली. माझीही राहिली. आणि असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून साहेबांनी वॉर्डात पाटी लावली: 'रुग्णांस पिण्याचे पाणी फक्त आयाबाईच देतील, नर्सने सांगितल्यावर.' रंगवून, चौकटीत. जी गोष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं ती आता भिंतीवर आहे. कुठंही जातीचं नाव नाही, सगळं कसं स्वच्छ. आपण दोघींनी मिळून खरं सांगितलं आणि त्याचा नियम झाला.

मोठ्या डॉक्टरांनी मला टेबलावरून काढलं. दवाखान्यातलं चौकशीत उघड बोलणारी बाई त्यांना नको. नवी पोरगी चिमटे देते, दोनदा चुकीचा दिला, पण त्यांचा उजवा हात काही गळून पडला नाही. तेल्हाऱ्याची जागा आशाबाईला मिळाली. तिचं लग्न तिकडंच ठरलं आहे. निघताना मी तिला म्हटलं, "माझ्या आईला बघून येत जा." ती 'हो' म्हणाली, त्या पाहणीच्या बाईंना म्हणाली होती तसंच. मी पुन्हा बायकांच्या वॉर्डात आहे. आई गावातच आहे. यातून सुटायची वाट मला आज तरी दिसत नाही, आणि दिसते असं तुला खोटं लिहिणार नाही.

पण काल एक झालं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

भागीरथाबाई नावाची म्हातारी आहे, पाटलाच्या घरची, पोटाचं ऑपरेशन झालेली. पाणी बंद. शुद्धीवर आल्यापासून "पानी, पानी" करत होती. मैनाबाई तांब्या घेऊन माझ्या मागं उभी राहिली, पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाणी द्यायचं नाही, मैनाबाई. पण तांब्या इकडं आणा." तिनं आणला. मी कापसाचा बोळा तोडला, तिच्या तांब्यात बुडवला, पिळला आणि म्हातारीच्या ओठांना लावला. पाटीवर पाणी देण्याबद्दल लिहिलं आहे, ओठ ओले करण्याबद्दल काही नाही. मैनाबाई बघत राहिली. तांब्यात माझी बोटं बुडाली होती, पण तिनं तांब्या मागं ओढला नाही.

म्हातारीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू कोनाची वं?"

रुख्मे, तोच प्रश्न, तोच सूर. सगळा वॉर्ड ऐकत होता. तू मागं नव्हतीस. मी गाव सांगितलं. मोतीरामची लेक म्हणून सांगितलं, जाईबाईची लेक म्हणून सांगितलं, वस्तीही सांगितली, म्हणजे तिला शोधत बसायला नको. बोळा हातात धरून उभी राहिले. या वेळी मी पुढच्या खाटेकडे बघितलं नाही.

तिनं डोळे मिटून घेतले. तोंड मिटलं नाही. मग जीभ बाहेर काढून म्हणाली, "लाव. आनखी लाव." मी लावत राहिले. ती लहान लेकरासारखी कापूस चोखत राहिली. मैनाबाई तांब्या धरून उभी होती, या खेपेला माझ्या मागं नाही, बाजूला.

यानं काही बदललं असं समजू नको. आज सकाळी शुद्धीवर नीट आल्यावर भागीरथाबाईनं मैनाबाईलाच हाक मारली. मी माझा ट्रे घेऊन पुढं गेले.

तुझ्या घरी मी जेवले नाही. तेव्हा आता तू ये. रविवारी निंबाखालच्या बाकड्यावर बसू देतात. यजमानांना आण, सासूबाई येत असतील तर त्यांनाही. चहा जेवणघरातून मागवता येतो. पाणी मात्र मी देईन, आणि तू मागून येऊ नकोस, समोर बस.

तुझी,
जया